फिनलंडचा बोकड आणि आमचा संकासुर

२६ डिसेंबर. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले होते आणि ते संध्याकाळच्या आत सोलून व्हायला हवे होते. वाल सोलणं हे बसून करायचं काम. डोळ्यांची त्यात गरज नसते, बोटाने दाबलं की डाळिंबी सालातून निसटते. त्यामुळे मी आणि बाबा परात मध्ये घेऊन हॉलमध्ये बसलो होतो, आणि समोर टीव्हीवर शिंगं लावलेला एक माणूस फिनलंडच्या बर्फातून कुणाच्या तरी घराकडे निघाला होता.

याला आता चार-पाच वर्षं झाली. हे सिनेमे आमच्या घरात आणले माझ्या मुलीने. ती तेव्हा कॉलेजात होती. नाताळच्या सुट्टीत बाकीच्या मुली गोव्याला जायच्या, नाहीतर उत्तनला समुद्रावर तरी. ही भुताचे सिनेमे लावायची, आणि तेही साधे नाहीत, सणासुदीचे. नाताळ आला की त्या देशात कोण कोण जंगलातून बाहेर येतं आणि काय काय करतं, असे. मी तिला एकदा म्हटलं, अगं लोक सणाला गोड करतात, यांना भीती कसली सुचते?

"आई, तिकडे डिसेंबरात सूर्यच उगवत नाही," ती म्हणाली. "अंधारातून काय येणार, करंज्या?"

तिनेच मला सांगितलं की तिकडच्या भाषेत नाताळबाबाला आजही नाताळचा बोकडच म्हणतात. लाल डगला आणि गोड हसू हे नंतरचं. आधी गावातले पुरुष कातडी कोट उलटा घालायचे, डोक्याला शिंगं लावायचे, तोंडावर भूर्जाच्या सालीचा मुखवटा चढवायचे आणि घरोघर फिरून सणाचं उरलंसुरलं खाणंपिणं मागायचे. जानेवारीच्या तेरा तारखेपर्यंत हे चालायचं. म्हणजे आमची भोगी, एखादा दिवस इकडे-तिकडे. ज्या घरात काही मिळालं नाही तिथे बोकड धिंगाणा घालायचा. सिनेमावाल्यांनी या धिंगाण्यात रक्त घातलं आणि त्याचे भयपट केले.

आमच्या हॉलमध्ये दुपारी तीनला ऊन थेट टीव्हीवर येतं. ते अडवायला ती खिडकीवर माझी गोधडी टांगायची आणि लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडायची. भायंदर पूर्वेला अंधार करता येतो, शांतता करता येत नाही. पडद्यावर गोठलेलं तळं, झाडांवर बर्फ, कुणी श्वास रोखून उभं. आणि खालून भंगारवाल्याची आरोळी, शेजारच्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी. शेजारच्या गुजराती बेन एकदा कोथिंबीर मागायला आल्या त्या नेमक्या बोकड दार फोडत असताना. दोन मिनिटं दारातच उभ्या राहून बघितलं आणि म्हणाल्या, "ये क्या, बकरा है? इतना दरवाजा तोड रहा है तो खोल दो ना." कोथिंबीर घेऊन गेल्या.

बाबा तेव्हा माझ्याकडे असायचे. आई गेल्यानंतर ते रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत, पण भात झोडून झालं की माझ्याकडे येत आणि संक्रांत करून परत जात. पहिल्या दिवशी ते सिनेमाला बसले ते आतल्या खोलीत मी फरशी पुसत होते म्हणून. मुलगी खालची इंग्रजी वाक्यं त्यांना मराठीत वाचून दाखवत होती. मुखवटा लावलेला माणूस घरोघर जातो, मागतो, नाही दिलं तर बघून घेतो, एवढं कानावर पडल्यावर ते ताठ बसले.

"ह्यो तर आपलाच," ते म्हणाले.

आपला म्हणजे संकासुर. रत्नागिरीकडच्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगते. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, तिच्या पुढे संकासुर नाचत येतो. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, त्याच कापडाचा तोंडावर मुखवटा, त्याला दोन भोकं आणि लाल जीभ, पांढऱ्या तागाची पोटापर्यंत दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात काठी. पोरं त्याला चिडवतात आणि तो मागे लागला की घरात पळतात. आमच्या गावात संकासुर व्हायचा मान आमच्या घराकडे. आजोबांनंतर बाबा. मी आठवत असल्यापासून बाबाच.

मुखवटा चढला की बोलायचं नाही, आणि कुणी त्याला नावाने हाक मारायची नाही, हा आमच्याकडचा नियम. तो दारात आला की आई त्याच्यापुढे अशी उभी राहायची जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. वर्षभर बाबांपुढे आवाज न चढवणारी माझी आई त्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्याला सुनवायची. "काय रे काळ्या, दर आठवड्याला बाजार करतोस, बायकोला लुगडं आणलंस का? का तिने तुझ्या झग्याचं नेसायचं?" आजूबाजूच्या बायका हसून लोळायच्या. संकासुराला बोलायची चोरी. तो नुसता कंबर हलवून घुंगरं वाजवायचा. मग आई त्याच्या झोळीत नारळ घालायची आणि तो पुढच्या घरी जायचा. संध्याकाळी बाबा घाम पुसत घरी यायचे, आई पाणी द्यायची, दुपारचा विषय कुणी काढायचं नाही. पण पुढच्या बाजाराला लुगडं आलं होतं, हे मला आठवतंय. हिरवं.

तर बाबांना हे सिनेमे आवडायला लागले. रोज जेवण झालं की विचारायचे, आज बोकड हाय का? भीती त्यांना वाटायचीच नाही. ते चुका काढायचे.

"असा कसा शिरला आत? दारात उभं ऱ्हायाचं. बोलवलं तर अंगणात. चुलीपतुर कोण जातं?"

"आबा, तो मारायला आलाय," मुलगी म्हणायची.

"मारायचं तर बाहेर बोलव. घरात शिरून मारणं हे सोंगाला शोभत न्हाय."

तीही काही ऐकून घेणारी नव्हती. तिने त्यांना विचारलं की मग संकासुर पोरांच्या मागे घरात शिरत नाही का. बाबा म्हणाले, उंबऱ्यापर्यंत. ती म्हणाली, आईने मला सांगितलंय, तुम्ही एकदा मागच्या पडवीतून शिरला होता. बाबा म्हणाले, तुझ्या आईला काय कळतंय, ती तांदळाच्या कणगीमागे होती. मी त्या दिवशी मटार सोलत होते ते सोलत राहिले. मी कणगीमागे होते हे खरं, पण तिथून पडवी दिसते.

एका सिनेमात त्यांच्या वाफेच्या न्हाणीघरातला एक राखणदार होता. घरातल्या सगळ्यांचं न्हाणं झालं की शेवटची पाळी त्याची, त्याच्यासाठी वाफ आणि पाणी ठेवून माणसांनी निघून जायचं. उशिरा गेलेल्या एका शहाण्याची त्याने सालटी काढली. बाबांना हा फार पटला. त्यानंतर ते आंघोळीच्या बादलीत तळाशी तांब्याभर पाणी ठेवायला लागले. मुलगी रोज ते ओतायची आणि रोज हसायची. आता तिची नोकरी आहे, डिसेंबरात ती दोन दिवसांची सुट्टी काढून येते आणि आम्ही अजून असा एखादा सिनेमा बघतो. पण चुका काढायला कुणी नसलं की बोकडसुद्धा गुळगुळीत निघून जातो. दार फोडतो, माणसं मारतो, नावं येतात, संपलं.

त्या सव्वीस तारखेचा सिनेमा या सगळ्यांत संथ होता. बोकडाच्या कमरेला गाईच्या गळ्यातल्या घंटा बांधलेल्या. बराच वेळ तो दिसायचाच नाही, नुसत्या घंटा वाजायच्या. बाबा मान हलवत होते. "आला. आता वळला बघ. ह्यो कंबरेतनं वाजवतोय, पायातनं न्हाय. जमलंय ह्याला." मुलगी वाक्यं वाचत होती, मी वाल सोलत होते.

मग तो प्रसंग आला. घरातली माणसं जेवायला बसलीत, मागे खिडकी आहे, आणि खिडकीत तो मुखवटा हळूहळू मोठा होत येतो. इतका मोठा की पडद्यावर दुसरं काही राहत नाही. सालीच्या भेगा, डोळ्यांच्या भोकातला ओला उजेड, सगळं दिसतं. आणि आवाज बंद. घंटा नाहीत, संगीत नाही, वारासुद्धा नाही. मुलीने माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की मी ओरडणार होते.

बाबा म्हणाले, "लाइट गेली काय?"

मुलगी खुदकन हसली. तिला तो विनोद वाटला. मलाही क्षणभर वाटला. मग मी बघितलं, बाबांनी एक हात वर केला होता आणि तळवा पसरून पंख्याचा वारा लागतोय का ते बघत होते. तोंडाशीच पुटपुटले, "पंखा चालू हाय." हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि परातीतला एक वाल उचलला.

पडद्यावर मुखवटा अजून होता, भिंतभर उजेड पडला होता. मी मुलीला रिमोटकडे बोट दाखवलं. तिने सिनेमा थांबवला.

"बाबा, समोर काय दिसतंय?"

"टीव्ही."

"टीव्हीवर काय आहे?"

त्यांनी डाळिंबी सोलली, परातीत टाकली, साल दुसऱ्या ताटलीत टाकलं. काहीही चुकलं नाही. मग म्हणाले, "उजेड."

त्या एका शब्दानंतर मागचे दोन महिने मला एकदम नीट दिसायला लागले. केबिन रोडला गर्दी फार झालीय म्हणून ते खाली उतरत नव्हते. चहाचा कप घेताना टेबलाची कड चाचपत जायचे. वर्तमानपत्र हातात धरायचे आणि मुलीला म्हणायचे, तू वाच, तुझं मराठी सुधारंल. मला वाटलं होतं माणूस म्हातारपणी आळशी झाला.

मी मुलीला चहा टाकायला पाठवलं. ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, पण निदान समोर नव्हती. बाबा मग एकेक करून बोलले. उजवा डोळा शिमग्याच्या आधीपासून धुक्यात, डावा गणपतीनंतर. गेल्या शिमग्यात नाचताना ते बांधावरून खालच्या खाचरात पडले होते. काठीचा आधार घेऊन उठले तर वर लोक टाळ्या वाजवत होते. सगळ्यांना वाटलं, संकासुराने उडी मारली.

"लागलं होतं?"

"लागलं. पण मुखवटा होता. बोलणार कसा?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्याचं उत्तर डोळ्यांचं नव्हतं, गावाचं होतं. गावातल्या जाणत्यांनी गेल्या शिमग्यानंतर विषय काढला होता की बाबांचं वय झालं, आता संकासुर दुसऱ्या घराकडे द्यावा. बाबांनी आणखी एक शिमगा मागून घेतला होता. माझ्या चुलतभावाचा मुलगा तयार होता, त्याला बरोबर घेऊन सगळ्या वाड्या फिरवायच्या, कुठल्या दारात किती थांबायचं, कुणाची चेष्टा चालते आणि कुठे यंदा सुतक आहे म्हणून घुंगरं धरून पुढे जायचं, हे दाखवायचं. हे सांगून येत नाही, अंगावर कपडा घालून चालूनच शिकवावं लागतं. म्हातारा आंधळा झाला हे कळलं असतं तर कुणी त्यांना झगा घालू दिला नसता, आणि मान आमच्या घरातून गेला असता. म्हणून ते गप्प होते. आणखी तीन महिने गप्प राहायचं, कसंतरी नाचायचं, मग डोळे गेले तर गेले, असा त्यांचा बेत होता.

मला राग आला होता. पण रागावून वाल सोलून होत नाहीत. मी मनात आकडेमोड केली. शिमगा मार्चात. मोतीबिंदू असेल तर निदान एक डोळा त्याआधी होऊन बरा होऊ शकतो. शेजारच्या बेनच्या सासूचा महिन्याभरात झाला होता. काचबिंदू असेल तर गोष्ट वेगळी, गेलेलं परत येत नाही. पण काय आहे ते आधी बघायला हवं.

"उद्या डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"न्हाय."

"का?"

"खालच्या वाडीतला एक डोळा करायला गेला आणि होता तोही घालवून आला. आता निदान सावली दिसत्ये. तू दिसत्येस, काळी अशी. पोर हालली की कळतं. त्यानं तेबी घेतलं तर मी शिमगा कसा करू?"

"आणि नाही दाखवलं तर कसा करणार? या वेळी बांधावरून पडलात आणि उठला नाहीत, तरी लोक टाळ्याच वाजवतील."

मी पुढे बोलले, कारण थांबले असते तर बोलता आलं नसतं.

"आणि त्या पोराला काय शिकवणार? कुठल्या दारात थांबायचं ते तोच तुम्हाला दाखवणार का?"

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. बराच वेळ ते साल सोललेल्या डाळिंब्यांवरून हात फिरवत राहिले, आईच्या हातची उसळ व्हायची तेव्हा करायचे तसा. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाला, धुळीत नाचू नको, तर?"

"तर तुम्ही त्याला विचारा, किती दिवस. मी तुमच्या वतीने काही सांगणार नाही आणि त्याच्यापासून काही लपवणारही नाही."

"गावात?"

"गावात मी कशाला फोन करू? तो तुमचा प्रश्न आहे."

ते हो म्हणाले नाहीत. आमच्या घरात हो कुणी म्हणत नाही. ते म्हणाले, "सकाळी लवकर जायाचं तर आंघोळीचं पाणी लवकर ठेव."

मुलगी चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते, ते त्यांना दिसले नसणार. तिने कप त्यांच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. मग त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने सिनेमा मागे नेला, जिथे आवाज बंद होतो तिथे.

"आबा, ऐका. खिडकी आहे. आत माणसं जेवतायत, पाठमोरी. खिडकीत तो आलाय."

"शिंगं?"

"आहेत. एक मोडलंय. मुखवटा सालीचा, त्याला भेगा पडल्यात."

"म्हंजे जुना हाय, घरातला. नवा मुखवटा गुळगुळीत असतो. हलतोय काय?"

"नाही. नुसता उभा आहे. बघतोय."

"काठी?"

"हातात आहे. खाली टेकवलीय."

"आत शिरला?"

"नाही. खिडकीबाहेरच आहे."

"मग बरोबर," बाबा म्हणाले. "ह्यानं नीट केलंय."

तो सगळा प्रसंग तिने त्यांना शब्दाशब्दाने सांगितला. पुढे त्या बोकडाने त्या घरातल्या सगळ्यांचं काय केलं तेही. बाबांनी फार चुका काढल्या नाहीत. वाल सोलून झाले होते. मी उठून उसळीला फोडणी दिली.

पुढचं सांगून टाकते. मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत, पार पिकलेला. उजवा जानेवारीत केला. डॉक्टरने धुळीबद्दल सांगायचं ते सांगितलं, बाबांनी ते ऐकलं, आणि मुखवट्याच्या आतून काळा चष्मा लावून शिमगा केला. पोराला सगळ्या वाड्या दाखवल्या. त्या वर्षी मी रजा काढून गावी गेले होते. आमच्या दारात संकासुर आला तेव्हा आईच्या जागी मी उभी होते. मला काही सुनवायला सुचेना. नारळ दिला, तो वाजवत पुढे गेला. पुढच्या वर्षी झगा त्या मुलाच्या अंगावर होता आणि बाबा त्याच्या मागून चालत होते. त्यानंतरच्या पावसात ते गेले, गावीच.

पण मला त्या डिसेंबरातलं सगळ्यांत जास्त आठवतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी कामाला जाते त्या कारखान्यात कळवलं की अर्धा दिवस येणार नाही, आणि त्यांना रिक्षाने डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर सगळी म्हातारी माणसं बसली होती, कुणाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. नंबर आला तेव्हा मी सवयीने उठले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. मग भिंतीला तळवा लावत एकटेच आत गेले. दार अर्धं उघडं राहिलं होतं. आत कुणीतरी विचारलं, काय त्रास आहे? मग त्यांचा आवाज आला, स्वच्छ, गावच्या सभेत बोलतात तसा: "उजव्यानं कायच न्हाय. डाव्यानं सावली. किती दिवस झालं तेबी सांगतो, सगळं सांगतो."

मी बाहेर आले आणि कारखान्यात परत फोन केला. अर्धा नाही, पूर्ण दिवस रजा घेतेय म्हणून सांगितलं.